सोलापूरचे चार दिवस आणि काकांची रंगांची वही

रत्नागिरीहून सोलापूरला फिरायला कोण जातं असं घरातल्या सगळ्यांनी विचारून झालं. मावशीकडे जायचं होतं, तिची माझी पाच वर्षांत भेट नव्हती, एवढं कारण पुरेसं होतं. दुसरं कारण माझ्या सॅकमध्ये होतं, एक छोटं प्लँक्टन नेट (पाण्यातले प्लवक गाळायची बारीक जाळी), दोरीला बांधलेली पांढरी-काळी तबकडी आणि कागदी घडीचा मायक्रोस्कोप. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली अकरा वर्षं दर रविवारी आमच्या जेट्टीवरचं पाणी बाटलीत घेऊन त्यातले वनस्पती-प्लवक बघते, रजिस्टरला नोंद करते. हे प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय, वनस्पतीसारखे जीव, डोळ्यांना दिसत नाहीत पण पाण्याला हिरवा रंग देतात आणि तारली-बांगड्यापासून पुढचं सगळं त्यांच्यावर जगतं. समुद्राचं बघून झालं, एकदा गोड्या पाण्याचं बघू म्हणून नेट घेतलं. खरी गोष्ट मात्र नेटमध्ये नाही, काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, कपाटातल्या एका बिस्किटाच्या डब्यात सापडली, ती सांगायलाच हे लिहितेय.

पहिला दिवस

रात्रीच्या गाडीने आंबा घाट, कोल्हापूर, सांगली करत सकाळी पोचलो. जानेवारीचा शेवटचा आठवडा, पहाटे चांगलीच थंडी आणि दहा वाजता स्वेटर काढून हातात. कोकणातल्या माणसाला ही कोरडी हवा पहिल्या तासात ओठांवर कळते, व्हॅसलीन जवळ ठेवा.

मावशीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत गेल्यागेल्या ताट. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही आणि कांदा. ही चटणी मिक्सरची नाही, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, बोटाला चिकटते अशी. काका शेजारी बसून "अजून घे की, तिकडं काय मिळतंय तुला असलं" असं चार वेळा म्हणाले आणि मी चारही वेळा घेतली.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेला, मध्ये मंदिर, एका बाजूला भुईकोट किल्ला. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे अजून उभे होते, त्यांचे दिवे पाण्यात हलत होते. कठड्याला टेकून मी सवयीने म्हटलं, "पाणी हिरवट आहे." काका थोडा वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "हिरवट म्हणजे काय? शेवाळी आहे, पण वरनं पिवळा मारतोय. आठवड्यापूर्वी मेहंदीकडं होतं."

मी नुसती बघत राहिले. काका आयुष्यभर गिरणीत रंगखात्यात होते. चादरीच्या सुताला रंग चढवायचा, लडी बाहेर काढून वाळवून शेडकार्डाशी, म्हणजे रंगछटांच्या नमुन्याशी, लावून बघायची, जराही फरक पडला की परत रंगाच्या बाथमध्ये. गिरणी बंद पडली, काका घरी बसले, आणि रोज सकाळी विजापूर रोडच्या कंबर तलावाला फेरी मारायला लागले, त्याला आता सगळे संभाजी तलाव म्हणतात पण काका कंबर तलावच म्हणतात. आणि डोळ्याला सवय होती म्हणून पाण्याचा रंग लिहायला लागले.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी डबा काढला. आत सहा वह्या आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या सुताच्या छोट्या लड्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. एक ते अठरा. पहिल्या जवळजवळ पांढऱ्या, मग दुधी, पोपटी, शेवाळी, मेहंदी, रामा ग्रीन, शेवटी मातकट तपकिरी. वहीत प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, लडीचा नंबर, ऊन की ढग. तेवीस वर्षं.

"उन्हात ठेवलं तर सूत उडतंय," काका म्हणाले, "म्हणून डब्यात. रोज न्यायची वेगळी लडी, ही मूळ. सहा महिन्यांनी दोन्ही जुळवून बघायच्या, उडाली असली तर नवीन रंगवायची."

मी काकांना हार्डींची गोष्ट सांगितली. अ‍ॅलिस्टर हार्डी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक यंत्र केलं, मालवाहू जहाजाच्या मागे ओढत न्यायचं, आत रेशमी कापडाची पट्टी हळूहळू गुंडाळत जाते आणि समुद्रातले प्लवक त्यात अडकतात. १९३१ पासून ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात आणि पुढे उत्तर अटलांटिकमध्ये हे काम चालू आहे, आजही. पट्टी प्रयोगशाळेत उलगडली की सगळ्यात पहिलं काम म्हणजे ती किती हिरवी झालीय ते डोळ्यांनी बघायचं, कार्डाशी लावून. चार पायऱ्या आहेत, रंग नाही, अगदी फिका, फिका आणि हिरवा. एवढ्या साध्या नोंदीवरून उत्तर समुद्रातले प्लवक काही दशकांत वाढले हे कळलं.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "रेशमावर? म्हणजे आमचंच काम की ते." आणि मग, "चारच शेड? चार कमी हायत."

दुसरा दिवस

हिप्परग्याचा तलाव, कागदोपत्री एकरूख. १८७१ चा, इंग्रजांच्या काळातला मातीचा बांध. शहरापासून जवळ आहे, सकाळी लवकर जा, सात ते नऊ पक्षी भरपूर असतात आणि उजेड पाण्यावर तिरका पडतो त्यामुळे रंग नीट दिसत नाही, रंग बघायचा असेल तर दहा-अकरानंतर. म्हणजे पक्ष्यांची वेळ वेगळी आणि पाण्याची वेगळी.

तबकडी सोडली. ही सेक्की तबकडी, इटलीतल्या आंजेलो सेक्की नावाच्या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरली, दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, बस्स. मग नेट टाकलं आणि पहिल्याच ओढीला बाभळीच्या बुडलेल्या फांदीत अडकून टरकन फाटलं. मला रडूच यायचं बाकी होतं, चार दिवसांची ट्रिप आणि पहिल्या तासात नेट गेलं.

काकांनी फाटलेलं कापड बोटांत धरलं, उजेडात धरलं, म्हणाले, "हे तर छपाईच्या स्क्रीनचं कापड आहे." आणि खरंच आहे. पूर्वी प्लँक्टनची जाळी पिठाच्या गिरणीत मैदा चाळायच्या रेशमी कापडाची करायचे, तेच कापड स्क्रीन प्रिंटिंगलाही गेलं, आता नायलॉन-पॉलिएस्टरचं येतं. काकांच्या ओळखीचे एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, गृहस्थ टॉवेलवर छपाई करायचे, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमच्याशी मराठीत, बायकोशी तेलुगूत आणि फोनवर कोणाशी तरी कानडीत बोलत बोलत गठ्ठ्यातून सगळ्यात बारीक नंबरचा तुकडा काढला, त्यांच्या सूनबाईंनी मशीनवर दुहेरी शिवण मारून दिली, पैसे घेतले नाहीत, वर चहा. "समुद्रात जाणार काय हे?" असं विचारलं, मी हो म्हटलं तर फार खूश झाले. कोणाला शाळेसाठी असं नेट करायचं असेल तर आपल्या गावातल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला विचारा, आमच्या लॅबला जे महागडं येतं त्याच्यापेक्षा हे काही वाईट नाही.

दुपारी पुन्हा तलाव. या वेळी नेट वाचलं आणि घडीच्या मायक्रोस्कोपखाली पहिल्याच थेंबात सेरॅटियम नावाचा प्लवक दिसला, तीन शिंगांचा, आमच्या समुद्रातल्याचा गोड्या पाण्यातला भाऊ. मी जोरात ओरडले. मावसभावाच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली, "आत्या, हे बैलासारखं दिसालालंय."

तिथून एका शेतावर हुरडा. आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकर मारायची, सोबत शेंगाचटणी, गूळ, ताक. जानेवारी संपेपर्यंत गेलात तरच, नंतर दाणा कडक होतो. तिथेच बाजेवर बसून काकांनी प्रश्न विचारला, "आमचं सोलापूर एवढं तापतंय, त्याचा तुमच्या समुद्राला काय फरक पडतोय का?"

यावर मी तासभर बोलले असेन. पडतो, नुसत्या सोलापूरचा नाही पण सगळ्या जमिनीचा. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, हवेचा दाब कमी होतो, वारा समुद्राकडून ओढला जातो, तोच मान्सूनचा वारा. हा वारा सोमालिया-ओमानच्या आणि आपल्या बाजूला केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत वाहतो तेव्हा पृथ्वी फिरत असल्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, म्हणजे किनाऱ्यापासून लांब. मग ती जागा भरायला खालून थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असतं, खतच ते. उजेडात खत आलं की प्लवक वाढतात, त्यातही डायटम, काचेसारख्या कवचाचे, वाढतात, डायटमवर तारली वाढते. आमच्या रत्नागिरीपर्यंत येता येता याचा जोर कमी होतो पण दक्षिणेला फार मोठं प्रकरण आहे. पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया, मोरोक्को इथेही असेच किनारे आहेत, जगाच्या समुद्राच्या साधारण एक टक्का जागा आणि माशांच्या पकडीतला पाचवा हिस्सा.

"मग जमीन अजून तापली तर वारा अजून, पाणी अजून वर, मासे अजून," काका म्हणाले.

अगदी हेच अँड्र्यू बाकुन यांनी १९९० मध्ये मांडलं होतं! हवामान तापलं तर जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापेल आणि किनाऱ्याचा वारा वाढेल. २००५ मध्ये मूळ गोव्याचे जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या सात वर्षांच्या चित्रांवरून दाखवलं की पश्चिम अरबी समुद्रात प्लवक वाढतायत, कारण हिमालयाकडचा बर्फ कमी होऊन जमीन जास्त तापतेय. मग २०१६ मध्ये आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी उलटं घेऊन आले, पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले. कारण इथे समुद्रच फार तापला, वरचं गरम, हलकं पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळेना आणि खालचं खत वर येईना.

"मग खरं कोणाचं?" काकांनी विचारलं. मी म्हटलं काका, एक सात वर्षांची वही आहे आणि एक साठ वर्षांची, पण तिचा बराच भाग संगणकाच्या मॉडेलवरून काढलेला. त्यांनी मान हलवली. कंबर तलावाच्या त्यांच्या वहीतलीसुद्धा कुठलीही सात वर्षं काढली तर कधी पाणी सुधारतंय असं वाटतं, कधी बिघडतंय असं. समुद्राच्या बाबतीत हिशोब केलाय लोकांनी, प्लवकांचा खरा कल एल निनो (प्रशांत महासागराचं दर काही वर्षांनी तापणं) वगैरेच्या चढउतारातून वेगळा ओळखू यायला साधारण ४० वर्षांची सलग नोंद लागते.

तिसरा दिवस

पहाटे पाचला निघालो, टेंभुर्णी करत उजनी धरणाच्या फुगवट्यावर करमाळ्याच्या बाजूला. काकांचे गुडघे म्हणून ते आले नाहीत पण लड्या दिल्या, माझ्या हातात, रुमालात बांधून.

फ्लेमिंगोंबद्दल सगळे लिहितात, मी थोडक्यात सांगते. धुकं हललं आणि समोर गुलाबी रेघ, मग ती रेघ चालायला लागली. बोटवाल्याने लांबच इंजिन बंद करून बांबूने बोट ढकलली, हे फार आवडलं. बोट ठरवताना हीच अट घाला, पक्ष्यांना उडवून फोटो काढून देणाऱ्या बोटीत बसू नका, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि त्या रंगाची सुरुवात शेवाळातच होते, म्हणजे तोसुद्धा प्लवकांचाच हिशोब.

पण मी पाण्याकडेच बघत होते. ११७ टीएमसीचं धरण, १९८० चं, आणि वरच्या अंगाला पुणे, पिंपरी-चिंचवड. किनाऱ्याशी पाण्यात हिरवे ठिपके, जणू कोणी रवा भिजवून टाकलाय. लडीशी लावलं, अकरा नंबर, आणि काठावर वारा जमवून आणतो तिथे चौदा. थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोपखाली गोळेच्या गोळे, मायक्रोसिस्टिस. नीलहरित जीवाणू, पेशीत हवेचे फुगे असतात म्हणून वर तरंगतात आणि खालच्यांचा उजेड अडवतात. त्यातल्या काहींमध्ये यकृताला घातक विष असतं आणि पाणी उकळून ते जात नाही, त्यामुळे असा हिरवा तवंग दिसला तर हात घालू नका, पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा.

बोटवाला मासेमारीच करतो, उन्हाळ्यात पर्यटक नसतात तेव्हा. म्हणाला, "ताई, आता कायच नाही, मे महिन्यात या, जाळं वर काढलं की हिरवं निघतंय, धुवून धुवून हात दुखत्यात." मासे कसे म्हटलं तर "चिलापी लई झाली, बाकीचं कमी." किती वर्षांत? "माझा बाप होता तवा वेगळं पाणी होतं." वर्ष सांगता आलं नाही त्याला.

मला तिथे फार वाईट वाटलं. समुद्रात खत खालून येतं, वारा आणतो, वर्षातून ठरावीक महिने, आणि मासे त्या महिन्यांची वाट बघतात. इथे ते वरून येतं, गटारातून, बारा महिने. दोन्हीकडे पाणी हिरवंच दिसतं. उपग्रहालाही दोन्ही हिरवंच दिसेल. कोणाचा हिरवा आहे हे थेंब काचेवर घेतल्याशिवाय कळत नाही, आणि अरबी समुद्रातही नेमकं हेच झालंय, हिवाळ्यात जिथे डायटम फुलायचे तिथे आता नॉक्टिल्युका नावाचा हिरवा एकपेशीय जीव फुलतो, हे गोएस आणि हेल्गा गोम्स यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडलं. तो रात्री चमकतो, दिसायला सुंदर, पण माशांच्या फारसा कामाचा नाही, त्याला खाणारे म्हणजे जेलीफिशसारखे साल्प. केरळात २०१२ ला तारली लाखांनी टन मिळाली आणि २०२१ ला काही हजार टन. त्याचं कारण एकच नाही, जास्तीची मासेमारीही आहे, पण अशा वर्षी मी कोणालातरी "पाणी कसं होतं?" विचारते तेव्हा उत्तर त्या बोटवाल्यासारखंच येतं, वेगळं होतं.

दुपारी रस्त्यावरच्या साध्या हॉटेलात चिलापी फ्राय आणि भाकरी. मसाला झणझणीत, गोड्या पाण्याच्या माशाला लागतोच तसा. मी समुद्राची, मला काटे आणि चव दोन्ही नवीन, पण ताट पुसून खाल्लं.

चौथा दिवस

सकाळी काकांबरोबर कंबर तलावाची फेरी. ही फेरी चुकवू नका, कमळं असतात, बदकं असतात. काका नेहमीच्या दगडावर थांबले, सूर्य पाठीशी घेतला, लडी काढली. नऊ. लिहिलं.

मग बाकावर बसून त्यांनी मला पाचवी वही उघडून दाखवली. मधली पानं दोन रकान्यांची होती, "डा" आणि "उ". मी विचारलं हे काय. म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली आणि पाणी एकदम निळं दिसायला लागलं. दुसऱ्या डोळ्याने तेच पाणी पिवळट. "मग मला कळालं की गेली किती वर्षं मी चुकीचं लिहिलोय. लडी पण पिवळी दिसायची, पाणी पण, त्यामुळं थोडं जुळतंय, पण सगळं नाही." दुसरं ऑपरेशन व्हायला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत काकांनी रोज एक डोळा झाकून एकाचा नंबर, मग दुसरा झाकून दुसऱ्याचा नंबर लिहिला. म्हणजे जुन्या डोळ्याचा किती आणि नव्याचा किती हे कळलं आणि मागच्या वह्या दुरुस्त करता आल्या.

माझ्या अंगावर काटा आला. पाण्याचा रंग बघणारा नासाचा पहिला उपग्रह-कॅमेरा १९७८ ते १९८६ चालला, पुढचा सीविफ्स १९९७ ला आला, मध्ये अकरा वर्षं कोरी. दोघं एकत्र कधी चाललेच नाहीत त्यामुळे जुना डोळा आणि नवा डोळा जुळवणं किती अवघड गेलं. पुढे सीविफ्स असतानाच २००२ ला अ‍ॅक्वा उपग्रहावर मोडिस हा कॅमेरा गेला, आपल्या इस्रोचे ओशनसॅट १९९९ पासून आहेत, म्हणून आता जुळवता येतं. काकांना हे कोणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "रंगखात्यात जुनं शेडकार्ड फेकायच्या आधी नवीन शेजारी ठेवून दोन्ही बघायचं असतंय की."

वहीत कोरे दिवसही आहेत. लॉकडाऊन. गुडघा. आणि कित्येक महिने नुसतं "जलपर्णी, पाणी दिसत नाही". मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच, खालचं पाणी वर येतं ते नेमकं पावसाळ्यात आणि तेव्हाच ढगांमुळे उपग्रहाला समुद्र दिसत नाही. म्हणून गोव्यात एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) लोक कांदोळीसमोर एका ठरलेल्या जागी १९९७ पासून बोटीने जाऊन पाणी काढतात. काका म्हणाले, "पावसात बोट घालतात? शाबास."

संध्याकाळी पार्क चौपाटी, म्हणजे खाण्याच्या गाड्या, पोरांनी ओढत नेलं. गर्दी सातनंतर वाढते, आधी गेलात तर बसायला मिळतं. चटणीचे दोन किलो पुडे आणि एक चादर घेतली, चटणी घेताना कुटलेली मागा आणि डबा घट्ट बंद करा, प्रवासात तेल सुटतं.

निघताना काकांनी रुमाल माझ्या हातात दिला. अठरा लड्या, नव्या रंगवलेल्या, नंबर लावलेल्या, आणि वर तीन जास्तीच्या निळ्या. "समुद्राला निळा लागंल," म्हणाले. घरच्या घरी पातेल्यात रंगवल्या होत्या, मावशी पातेल्यावरून अजून चिडलेली होती.

रविवारी जेट्टीवर गेले. अकरा वर्षांचं रजिस्टर उघडलं, मागची पानं बघितली, "हिरवट", "हिरवट", "गढूळ", "नेहमीसारखं". सूर्य पाठीशी घेतला, लडी पाण्याशेजारी धरली. तबकडी २.८ मीटर, वारा वायव्य, डायटम बरेच, रंग १९ आणि ६ च्या मध्ये. तेवढ्यात काकांचा फोन आला, "किती आला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मध्ये म्हणजे काय, थांब, अजून एक रंगवून पाठवतो."